गोव्याला जाताय? सांता मोनिकासाठी अर्धा दिवस ठेवा

ओझर-पिंपळगाव भागातून निघणाऱ्या गोव्याच्या सहलींचा कार्यक्रम आता जवळपास ठरलेला असतो. कळंगुटचा किनारा, मांडवीतली बोट, मंगेशी आणि शांतादुर्गा, आणि त्याच दिवशी वाटेत जुने गोवे. तिथे गाडी तासभर थांबते. बॉम जीझसमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी खालून मान वर करून पाहायची, समोरच्या से कॅथेड्रलमध्ये एक फेरी मारायची, शहाळं प्यायचं की चला बसमध्ये. ज्या गाडीतळावर बस उभी असते तिथून थोडी चढण चढलं की मॉन्ते सांतो नावाची टेकडी लागते आणि तिच्यावर सांता मोनिकाचा मठ उभा आहे. पोर्तुगीजांच्या काळात नन्ससाठी, म्हणजे कॅथलिक संन्यासिनींसाठी, बांधलेला हा मठ. पूर्वेकडच्या देशांतला असा पहिला मठ हाच, असं मानतात. सहलीची माणसं तिथे क्वचितच पोचतात, आणि पोचली तरी भिंतीपुढे फोटो काढून परततात.

महिला मंडळ, भजनी मंडळ, एचएएलमधून निवृत्त झालेले मित्र किंवा शाळेतली वरच्या वर्गाची मुलं घेऊन जाणार असाल, तर पुढच्या सूचना उपयोगी पडतील. पहिली सूचना अशी की ही वास्तू माहितगाराबरोबरच पाहा. बॉम जीझस एकट्याने पाहिलं तरी डोळे भरून काहीतरी मिळतं. सांता मोनिकाचं तसं नाही. बाहेरून ती तीन मजली, जाड, जवळपास अबोल इमारत दिसते. ही भिंत कोणासाठी होती आणि कोणाविरुद्ध होती, हे सांगणारं माणूस बरोबर नसेल, तर दगडाखेरीज हाती काही लागत नाही.

आपल्याकडे नाशिकमध्ये ज्या सिस्टर दिसतात त्या शाळेत शिकवतात, दवाखान्यात काम करतात, रिक्षाने बाजारात जातात. सांता मोनिकाच्या नन्स अशा नव्हत्या. त्या बंदिस्त मठाच्या होत्या. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं घेऊन बाई एकदा आत गेली की तिने बाहेरच्या रस्त्यावर पुन्हा पाऊल टाकायचं नाही. भेटायला आलेल्या आईबापांशी बोलायचं तेही जाळीआडून. आपल्या मुंबई-आग्रा महामार्गावरून पांढऱ्या वस्त्रांतल्या जैन साध्वी पायी विहार करताना आपण नेहमी पाहतो. मौजे सुकेण्याच्या दत्तमंदिरामुळे महानुभाव पंथातल्या संन्यासिनीही या भागाला नव्या नाहीत. पण आपल्याकडचा स्त्रीचा संन्यास बहुतेक चालता संन्यास आहे, चातुर्मासापुरता थांबणारा. एका इमारतीत शिरून मरेपर्यंत तिथेच राहायचं, मेल्यावरही तिथल्याच जमिनीत जायचं, ही कल्पना आपल्याला परकी आहे. मंडळातल्या बायकांना हे निघण्याआधीच नीट सांगा. आत गेल्यावर त्यांचे प्रश्न आपोआप वेगळे होतील, हे नक्की.

आता थोडा इतिहास. गाईड तो सांगेलच, पण ओळख असली की कान पटकन लागतात. गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस हे स्वतः ऑगस्टिनियन संघाचे होते. त्यांनी 1606 मध्ये मठाची पायाभरणी केली. काम पुरं व्हायला 1627 उजाडलं. नाव दिलं सेंट मोनिकाचं. सेंट ऑगस्टिन या मोठ्या ख्रिस्ती आचार्याची ती आई. इथे नाशिककरांना पांडवलेणी आठवायला हरकत नाही. तिथल्या 3 नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिलाही जग ओळखतं ते गौतमीपुत्र सातकर्णीची आई म्हणून. तरी बलश्रीने दान दिलं ते भिक्षूंना, आणि मोनिकाच्या नावाने घर उभं राहिलं ते बायकांचं.

घर उभं राहिलं, पण ते का हवं होतं? श्रद्धा हे एक उत्तर झालं. दुसरं उत्तर व्यवहाराचं आहे, आणि ते गाईड आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून विचारा. आशियाभर पसरलेल्या पोर्तुगीज राज्याची राजधानी गोव्यात होती. सरदार-शिपाई लढाईत आणि समुद्रात मरत. मागे विधवा राहत, पोरक्या मुली राहत. घरंदाज मुलीचं लग्न करायचं तर हुंडा भारी. मेनेझिस यांनी याच काळात घरंदाज पोरक्या मुलींसाठी नोस्सा सेन्योरा द सेर्रा नावाचं आश्रयगृह काढलं आणि ‘वाट चुकलेल्या’ समजल्या जाणाऱ्या बायकांसाठी सांता मारिया मादालेना नावाचं दुसरं. मठ हा त्याच रांगेतला सगळ्यात मानाचा. पहिली मठप्रमुख फिलिपा द त्रिंदादे ही स्वतः विधवा होती. मठात येतानाही मुलगी हुंडा आणी, फक्त तो नवऱ्याकडे न जाता मठाकडे जाई. पैसा साचत गेला, जमिनी आल्या, आणि शहराच्या नगरसभेची कुरकुर सुरू झाली, की गावातला पैसा आणि लग्नाच्या मुली दोन्ही त्या भिंतीआड चालल्या आहेत. मठात राहणाऱ्या नन्सची संख्या शंभरावर जाऊ नये अशी मर्यादा होती. आत सगळ्या सारख्या होत्या असंही समजू नका. काळ्या बुरख्याच्या नन्स प्रार्थनागायन करणाऱ्या, मानाच्या; पांढऱ्या बुरख्याच्या त्यांच्या खालच्या, कामाच्या. त्यांच्याही खाली सेविका आणि गुलाम स्त्रिया. त्यांची नावं कुठल्या फलकावर सापडत नाहीत. विहीर, स्वयंपाकघर, धुण्याची जागा दिसली तर तिथे क्षणभर थांबा. मठाचं रोजचं जगणं त्यांच्या हातांवर चालत होतं.

एक गोष्ट मराठी वाचकाला विशेष वाटावी. मठाच्या भिंती चढत होत्या त्याच वर्षांत, 1616 साली, गोव्यातल्याच रायतूर इथे फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं, मराठी ओव्यांत. टेकडीवर लॅटिन प्रार्थना आणि खाली गावोगाव मराठी ओव्या, असं ते गोवं होतं.

1636 साली मठ आगीत जळाला. पुढच्याच वर्षी पुन्हा बांधायला घेतला. त्याच 1636 च्या फेब्रुवारीत आणखी एक घटना घडल्याची श्रद्धा आहे: मठातल्या क्रूसावरच्या ख्रिस्तमूर्तीने डोळे उघडले आणि काटेरी मुकुटाखालून रक्त ओघळलं. तो क्रूस आजही मठालगतच्या चॅपेलमध्ये आहे आणि 27 नोव्हेंबरला त्याचा सण होतो. मंडळातलं कोणी ‘हे खरं का हो?’ असं मोठ्याने विचारणारच. चॅपेलमध्ये विचारू नये, बाहेर आल्यावर खुशाल विचारावं. आपल्याही देवस्थानांत मूर्तीला घाम फुटल्याच्या कथा आहेत, आणि तिथे बाहेरचा माणूस कसा बोलला म्हणजे आपल्याला बरं वाटतं हे आपल्याला ठाऊक आहे.

माझ्या मते या वास्तूची सगळ्यात मोठी कथा मात्र तिच्या शेवटाची आहे. 1834 मध्ये पोर्तुगालने धार्मिक संघ बंद करायचं ठरवलं. पुरुषांचे मठ लगोलग बंद झाले. बायकांच्या मठांना मात्र वेगळा न्याय लावला: नव्या मुली घ्यायच्या नाहीत, आहेत त्यांनी राहावं, आणि शेवटची गेली की मठ संपला. तोवर जुनं गोवं रोगराईने ओस पडत आलं होतं. 1843 मध्ये राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीला गेला. घरं पडली, रस्त्यांवर रान माजलं, शेजारच्या ऑगस्टिनियन चर्चचं छत 1842 मध्ये कोसळलं. टेकडीवरच्या त्या प्रचंड इमारतीत नन्स एकेक करून म्हाताऱ्या होत राहिल्या. शेवटची नन 1885 मध्ये वारली. म्हणजे हुकूम निघाल्यावर पन्नास वर्षं तो मठ माणसं मोजत मोजत रिकामा होत गेला. पुढे तिथे लष्कराची बरॅक झाली. 1964 पासून मात्र तिथे मातेर देई ही संस्था आहे, सिस्टरांना धर्मशिक्षण देणारी. शिपायांच्या मुक्कामानंतर तिथे पुन्हा बायकाच राहायला आल्या, आणि या वेळी त्यांना दाराबाहेर पडायची मुभा आहे.

यातूनच भेटीचा पहिला नियम निघतो. ही इमारत म्हणजे कोणाचं तरी राहतं घर आहे. मूळ चर्चमध्ये आता म्युझियम ऑफ ख्रिश्चन आर्ट आहे. ते तिकीट काढून पाहता येतं. क्रूसाच्या चॅपेलमध्ये भाविक जातात. पण सिस्टर राहतात तो भाग, वर्ग, खोल्या, आतलं अंगण हे सरसकट खुलं नसतं. ते पाहायचं असेल तर आधी लिहून विचारा, परवानगी मिळाली तर जितकं दाखवतील तितकं पाहा, आणि नाही मिळाली तर गेटपाशी रखवालदाराशी घासाघीस करू नका. उघड्या दारातून डोकावणं, वाळत घातलेल्या कपड्यांसह गॅलरीचा फोटो काढणं, समोरून चाललेल्या सिस्टरला थांबवून सेल्फी मागणं, यातलं काहीही नको. नमस्कार केला आणि ‘गुड मॉर्निंग, सिस्टर’ म्हटलं तर बहुतेक वेळा हसून उत्तर मिळतंच.

संग्रहालयाशी निदान दोन आठवडे आधी संपर्क साधा. किती माणसं, वयं काय, भाषा कोणती, किती वेळ देणार हे चार ओळींत कळवा. मार्गदर्शनासह भेट हवी हे स्पष्ट लिहा. माहिती इंग्रजी, हिंदी किंवा कोंकणीतून मिळण्याची शक्यता जास्त. मराठीतून हवी असेल तर विचारायला संकोच करू नका, गोव्यात मराठी जाणणारी माणसं कमी नाहीत. वेळा, तिकिटाचा दर आणि सुट्टीचा दिवस त्याच पत्रात विचारून घ्या, कारण सणावारी ते बदलतात. चाळीस जणांची बस असेल तर दोन गट करा: एक आत असताना दुसऱ्याने शेजारच्या पडक्या ऑगस्टिनियन चर्चचा मनोरा पाहावा. विसाहून जास्त माणसं एका गाईडमागे गेली की मागच्या दहाजणांना फक्त पाठी दिसतात.

आत काय पाहायचं? आधी बाहेरच थांबा. जांभा दगडाची ही बांधणी पूर्वी चुन्याने लिंपलेली होती. भिंतींना बाहेरून टेकू द्यावा तसे मोठमोठे कमानी आधार दिलेले आहेत. खालच्या बाजूच्या खिडक्या किती उंचावर आहेत ते बघा. मग आत कमानदार छताकडे आणि भिंतींवर उरलेल्या चित्रांकडे वळा. चर्चमध्ये नन्सची बसायची जागा लोकांपासून वेगळी, जाळीआड असे; ती नेमकी कुठे होती आणि तिथून वेदी कशी दिसायची, हे गाईडला प्रत्यक्ष उभं राहून दाखवायला सांगा. गावातली माणसं खाली, त्या वर किंवा आड, आवाज दोघांनाही ऐकू येतो पण चेहरा कोणाचा कोणाला दिसत नाही. संपूर्ण मठ या एका हिशोबावर बांधला आहे आणि तो एकदा कळला की प्रत्येक दार-खिडकी बोलायला लागते.

संग्रहालय 1994 मध्ये रायतूरच्या सेमिनरीत सुरू झालं, 2002 मध्ये इथे आलं आणि मोठ्या दुरुस्तीनंतर 2022 मध्ये पुन्हा उघडलं. घाईने फिरलात तर वीस मिनिटांत संपेल. त्यापेक्षा तीन-चार वस्तू निवडा. हस्तिदंताच्या छोट्या मूर्तींत मेंढपाळ बाळ येशू शोधा. त्याची बसण्याची ढब कुठून आली असावी यावर तुमच्या मंडळात वाद होऊ द्या. पण ओझरकरांनी सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो पेलिकन पक्ष्याला. चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेली ही वस्तू मूळची याच मठातली. पृथ्वीच्या गोलावर पक्षी उभा आहे आणि चोचीने स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजतो आहे. ख्रिस्ताच्या बलिदानाचं ते जुनं रूपक. पवित्र प्रसाद ठेवायला आणि भाविकांना दाखवायला ते पात्र वापरत. तांबट ओझर असं ज्या गावाला म्हणत त्या गावच्या माणसाने पिसांवरचं ठोकाईचं काम जवळून पाहायलाच हवं. अशा वस्तू घडवणारे हात बहुधा इथल्याच कारागिरांचे. ख्रिस्ती मूर्ती आणि पूजेच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करवून घेऊ नयेत अशी ताकीद 1567 च्या गोव्याच्या धर्मपरिषदेला द्यावी लागली होती. ताकीद द्यावी लागली, म्हणजे काय चाललं होतं ते कळतंच.

रीतिभाती फार अवघड नाहीत. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे; साडी, सलवार, साधा शर्ट-पँट उत्तम. किनाऱ्यावरून थेट चड्डीत येऊ नका. चर्चमध्ये चपला काढायची रीत नाही, काढल्या तरी कोणी रागावत नाही, पण दाराशी चपलांचा ढीग लागून वाट अडते. टोपी मात्र काढावी. मूर्तीला हळद-कुंकू, फूल, नारळ वाहू नका. मेणबत्ती लावायची जागा केली असेल तिथेच लावा. मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, चालू असेल तर मागे गुपचूप बसायला हरकत नाही. पण प्रसादाच्या रांगेत उभं राहू नका. तो पंचामृतासारखा सगळ्यांना वाटायचा प्रसाद नव्हे, दीक्षित कॅथलिकांसाठीच असतो. आपल्याकडून भक्तिभावाने होणारी आणि तिथे सगळ्यात जास्त खुपणारी चूक हीच. संग्रहालयात कॅमेऱ्याचा नियम काय आहे तो दाराशी विचारा आणि तो आवडला नाही तरी पाळा.

शाळेची मुलं असतील तर त्यांना माहितीचा कागद देऊ नका, प्रत्येकाला एकेक प्रश्न द्या. पाणी कुठून येत असेल? आजारी पडल्यावर वैद्य आत कसा येत असेल? आगीच्या वेळी बाहेर पडायची बंदी असलेल्या बायका कुठे गेल्या असतील? गाईडही अशा प्रश्नांनी खुलतात. वर्षानुवर्षं तीच टेप वाजवून ते कंटाळलेले असतात.

जायचं कधी? 24 नोव्हेंबरपासून सेंट झेवियरचा नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, चालू होतो आणि 3 डिसेंबरला मोठा सण. या दिवसांत जुन्या गोव्यात पाय ठेवायला जागा नसते. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या फेब्रुवारीतल्या यात्रेची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. शांतपणे पाहायचं असेल तर हे दहा-बारा दिवस टाळा. भक्ती पाहायची असेल तर मुद्दाम तेव्हाच जा, फक्त मार्गदर्शनाची अपेक्षा ठेवू नका. द्राक्षबागायतदारांना ऑक्टोबरच्या छाटणीआधी थोडी उसंत असते. ऑगस्ट-सप्टेंबरात गोवं हिरवंगार असतं, गर्दी कमी, आणि 27 ऑगस्ट हा सेंट मोनिकाचा दिवस. पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं, तेवढे बूट धडाचे घाला. एरवी सकाळी लवकर जा. चढण छोटी असली तरी गोव्याची दुपारची हवा नाशिककराला झेपत नाही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी गाडी वरपर्यंत नेता येते. ड्रायव्हरला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो सवयीने खालीच थांबेल.

नाशिकरोडहून मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस थेट मडगावला जाते. मुंबईमार्गे जाणार असाल तर करमळीला थांबणारी गाडी बघा. ते स्टेशन जुन्या गोव्याला लागूनच आहे, आणि पणजी किंवा मडगावपर्यंत जाऊन उलटं येण्यात अर्थ नाही. ओझरच्या विमानतळावरून गोव्याची थेट सेवा कधी वेळापत्रकात असते, कधी नसते. तिकीट काढताना मोपाला उतरणार की दाबोळीला, तेवढं पाहून घ्या. पणजीच्या कदंब स्थानकावरून जुन्या गोव्याच्या बस दिवसभर मिळतात, अंतर जेमतेम दहा किलोमीटर.

मठ पाहून झाला की शेजारचा ऑगस्टिनचा मनोरा सोडू नका. सुमारे 46 मीटर उंचीचा तो उघडा मनोरा आणि खाली पडक्या चर्चची जमीन. जॉर्जियाच्या केतेवान राणीला 1624 मध्ये इराणात शिराझ इथे ठार मारलं. तिचे अवशेष ऑगस्टिनियन साधूंनी गोव्यात आणल्याचं जुन्या कागदांत होतं. पुरातत्त्व खात्याला इथल्या उत्खननात हाडं मिळाली, डीएनए तपासणीने दुजोरा दिला आणि 2021 मध्ये भारताने ती जॉर्जियाला सुपूर्द केली. युनेस्कोने 1986 मध्ये जुन्या गोव्याच्या वास्तूंना जागतिक वारशाचा मान दिला त्यात हे पडकं चर्च आहे. सांता मोनिका त्या यादीत नाही. म्हणून तिकडे पाट्या कमी आणि बस कमी, हा आपला फायदाच.

जेवण खाली रस्त्यालगत साधं मिळतं. बरोबर न्यायला बिबिंका घ्यावी. ही थरांची मिठाई याच मठातल्या बिबियाना नावाच्या ननने पहिल्यांदा केली, अशी गोव्यात कथा सांगतात. नन्सच्या वस्त्रांना खळ करायला अंड्याचा पांढरा बलक जाई आणि पिवळा उरे, म्हणे. कथेला पुरावा मागू नका, मिठाई मागा. ती बरेच दिवस टिकते, ओझरपर्यंत सहज येते. फक्त त्यात अंड्यांचे पिवळे बलक ढीगभर असतात, हे मंडळातल्या माळकरी मावशींना डबा पुढे करण्याआधी सांगा.